पावसातली बेचाळीस किलोमीटर

२२ ऑगस्ट १९२० रोजी बेल्जियममधील अँटवर्प येथे ऑलिंपिकची मॅरेथॉन शर्यत झाली. महायुद्ध संपून दोन वर्षेही झाली नव्हती. हवा थंड होती, पाऊस पडत होता आणि अंतर होते ४२.७५ किलोमीटर. ऑलिंपिकच्या इतिहासात याहून लांब पल्ल्याची मॅरेथॉन झालेली नाही. फिनलंडचा हानेस कोलेहमायनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिला आला. एस्टोनियाचा युरी लॉसमन जेमतेम तेरा सेकंद मागे राहिला. निकालाच्या यादीत खाली उतरत गेले की एकोणिसाव्या क्रमांकावर एक नाव भेटते : फडेप्पा दरेप्पा चौगुले, बेळगाव. वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद.

हे नाव बेळगावाबाहेर किती घरांत ठाऊक असेल? चौगुले अँटवर्पला पोहोचले त्यामागे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती होत्या. सर दोराबजी टाटा या जिमखान्याचे अध्यक्ष होते. अनवाणी धावणारे शेतकरी सुमारे पंचवीस मैलांची शर्यत पुरी करून पुण्याच्या मुख्य रस्त्यावर येताना त्यांनी पाहिले, आणि ही माणसे युरोपातील धावपटूंच्या तोडीची आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांच्या पुढाकाराने सहा जणांचा संघ समुद्रमार्गे युरोपला गेला. त्यात धावपटूंबरोबर दोन मल्लही होते. चौगुल्यांसमवेत सदाशिव दातारही त्या मॅरेथॉनमध्ये उतरले होते. त्यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. दख्खनच्या उन्हात घडलेल्या शरीरांना उत्तर युरोपातील गार पाऊस नवा होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एकोणिसाव्या क्रमांकाचे मोल कळते.

पाऊस धावपटूचा शत्रू असतोच, असे मात्र नाही. धावताना स्नायू भट्टीसारखे तापतात. गार हवा आणि हलकी सर असली तर ही उष्णता सहज निघून जाते आणि वेग टिकतो. उलटते ते पुढे. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. कपडे ओले झाले, समोरून वारा सुटला आणि थकव्याने पाय मंदावले, की भट्टीतील जाळ कमी होतो आणि थंडावा मात्र तसाच राहतो. बोटे बधिर होतात, दातखीळ बसू लागते, बोलणे अडखळते. म्हणून सर्वांत अधिक धोका सर्वांत मागे धावणाऱ्याला असतो. तो अधिक वेळ भिजतो आणि त्याच्या शरीरात ऊबही कमी निर्माण होते.

अँटवर्पच्या त्याच पावसात चौगुल्यांच्या दोन मिनिटे आधी, सोळाव्या क्रमांकावर, जपानचे शिझो कानाकुरी आले होते. त्यांची कथा विलक्षण आहे. १९१२ साली स्टॉकहोमला भर उन्हात झालेल्या मॅरेथॉनमध्ये ते उष्म्याने कोसळले. रस्त्यालगतच्या एका कुटुंबाने त्यांची शुश्रूषा केली आणि अधिकाऱ्यांना न कळवताच ते परतले. त्याच शर्यतीत पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो मृत्युमुखी पडला होता. कानाकुरींनी अपयशाचा बोध घेतला आणि भर उन्हाळ्यात समुद्रकिनारी तापत्या वाळूवर सराव केला. १९१६ची स्पर्धा युद्धाने गिळली. अखेर आठ वर्षांनी संधी आली तेव्हा आकाशातून कोसळला तो थंड पाऊस!

तथापि कानाकुरींचे खरे कार्य ऑलिंपिकमध्ये झालेच नाही. दीर्घ पल्ल्याचा धावपटू एकट्याच्या जिद्दीवर घडत नाही, त्यासाठी पिढ्या तयार व्हाव्या लागतात, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या पुढाकाराने फेब्रुवारी १९२० मध्ये चार शिक्षणसंस्थांच्या विद्यार्थ्यांची टोकियो ते हाकोने आणि परत अशी शर्यत सुरू झाली. हीच हाकोने एकिदेन. आज ती २ आणि ३ जानेवारीला, ऐन हिवाळ्यात भरते. दहा टप्पे, दोनशेहून अधिक किलोमीटर, आणि एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाणारा तासुकी नावाचा पट्टा. धावणाऱ्याच्या अंगावर आपल्या संघाचा घाम असतो, म्हणून तो अर्ध्यात थांबायला धजत नाही. सारा जपान हे दोन दिवस दूरदर्शन संचासमोर बसतो.

या परंपरेचे फळ एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे दिसले. तापमान तीन-चार अंश, मुसळधार पाऊस आणि जवळजवळ सारा मार्ग समोरून वारा. नामांकित धावपटू एकामागून एक बाजूला झाले. केनियाचा गतविजेता जेफ्री किरुई बराच पुढे होता. अखेरच्या टप्प्यात त्याला गाठून पुढे गेला तो युकी कावाउची. वेळ २ तास १५ मिनिटे ५८ सेकंद. त्या वेळी हा गृहस्थ सायतामा प्रांताचा सरकारी नोकर होता, एका शाळेच्या कचेरीत काम करी आणि नोकरी सांभाळून सराव करी. विद्यार्थिदशेत तो हाकोने एकिदेनमध्ये धावला होता. त्याच वर्षी १ जानेवारीला तो त्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात उणे सतरा अंशांच्या आसपास मॅरेथॉन धावला होता आणि ती पूर्ण करणारा तो एकटाच होता. बोस्टनचे हवामान आपल्याला अनुकूलच होते, असे त्याने नंतर सांगितले, ते उगाच नव्हे.

महिलांच्या शर्यतीत आणखी वेगळे घडले. अमेरिकेची डेझिरे लिंडन प्रारंभीच इतकी गारठली, की शर्यत सोडावी असे तिला वाटू लागले. नाहीतरी सोडायचीच, तर कोणाच्या तरी उपयोगी पडावे, म्हणून सहकारी शालेन फ्लॅनगन थांबली तेव्हा लिंडन तिच्यासाठी रेंगाळली आणि वारा अंगावर घेत तिला पुन्हा घोळक्यात आणून सोडले. पुढे आणखी एकीला तिने साथ दिली. या धावपळीत ती स्वतःच आघाडीच्या जवळ येऊन ठेपली आणि २ तास ३९ मिनिटे ५४ सेकंदांत जिंकली. १९८५ नंतर तेथे जिंकणारी ती पहिली अमेरिकन महिला. दुसरी आली ती रुग्णालयात पूर्णवेळ काम करणारी एक परिचारिका.

चौगुल्यांनंतर बेळगावातून किंवा पुण्यातून असा पट्टा पुढे कोणी नेला? १९२७ साली दोराबजींच्या अध्यक्षतेखाली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली. तिचे ऋण मोठे आहे. पण गावोगावच्या अनवाणी शेतकऱ्याला दरवर्षी धावायला लावील अशी शर्यत उभी राहिली नाही. अलीकडे मात्र पावसाळ्यातच शर्यती भरू लागल्या आहेत. २०१२ पासून साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात होणारी अर्धमॅरेथॉन हे त्याचे ठळक उदाहरण. धुके, झिमझिम आणि निसरडा उतार हाच तेथला नित्याचा दिवस. मुलाला अशा शर्यतीला पाठवताना घरच्यांनी एवढे पाहावे, की सरावाचे काही दिवस तरी भर पावसात गेले आहेत, नवे बूट त्या दिवशीच पायात चढलेले नाहीत, आणि शेवटच्या वळणावर कोरडा सदरा व टॉवेल घेऊन कोणीतरी उभे आहे. मूल कुडकुडत असेल तर आधी ओले कपडे उतरवावेत, मग गरम पेय द्यावे. छायाचित्रे नंतरही काढता येतात.