कडबा कुट्टीचा पट्टा घसरतो तेव्हा
(बेंबळी येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कृषिविद्येचा माणूस ज्वारीच्या पेरणीवर बोलायचे सोडून पट्टा आणि पुलीवर काय बोलणार, असे आपणास वाटेल. परंतु रब्बी ज्वारी आपण धान्यासाठी घेतो तितकीच कडब्यासाठीही घेतो. मालदांडीची अख्खी पेंढी गव्हाणीत टाकली की जनावर पाला ओरबाडते आणि बुडखे तुडवते. कुट्टी केली तर ही नासाडी बरीच टळते. म्हणून कुट्टी यंत्राचा पट्टा हा वैरणीचाच विषय आहे.

अनेक गोठ्यांत हाताने फिरवायचे जुने कुट्टी यंत्र असते. त्याची मूठ काढायची, बाजूला ओंडक्यावर दोन अश्वशक्तीची मोटार आवळायची आणि मोठ्या चाकाच्या धावेवरून पट्टा घ्यायचा, ही जोडणी गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात अर्ध्या दिवसात होते. काम सोपे होते हे खरे. पण एक हिशेब ध्यानात घ्यावा. माणूस सतत काम करताना साधारण ७५ वॅट इतकी शक्ती देऊ शकतो. दोन अश्वशक्तीची मोटार सुमारे १५०० वॅट देते. म्हणजे एका माणसासाठी घडवलेल्या यंत्राला आपण वीस माणसे जुंपली. त्याचा दांडा, दातेरी चाके आणि बुशिंगे मात्र होती तीच राहिली.

माणसाच्या बळावर चालणाऱ्या यंत्राला मोटार लावण्याचे काम आपल्याच राज्यात शास्त्रीय रीतीनेही झाले आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायडलच्या सायकलरिक्षाला मोटार व बॅटरीची जोड दिली. त्यांनी मोटार जोडली एवढेच नव्हे, तर मूळ पायडल रिक्षाचे गिअर आणि ब्रेकही सुधारले. आपल्या गोठ्यातल्या जोडणीत हा दुसरा भाग राहून जातो.

अशा यंत्रात पेंढी अडकली आणि पट्टा घसरला, तर तो यंत्राला वाचवतो. विजेच्या फ्यूजसारखे त्याचे काम आहे. तो घसरला नसता तर दातेरी चाकाचे दात तुटले असते किंवा पाते निखळले असते. फ्यूज वारंवार जातो म्हणून कोणी जाड तार घालतो, तसेच पट्ट्यावर राळ टाकणे होय. घसरणे थांबते, कारण तसेच राहते.

आता कारण शोधू. प्रथम घसरतो तो पट्टाच की मोटार दमते, हे ठरवावे. वैरण लावल्यावर मोटारीचा आवाज खणखणीत राहिला आणि चाक मात्र मंदावले, तर पट्टा घसरतो आहे. दोन्ही एकदम मंदावून मोटार घुमू लागली, तर दोष पट्ट्याचा नाही. ओझे जास्त आहे किंवा विजेचा दाब कमी आहे. दाब २० टक्क्यांनी उतरला की मोटारीची पिळण्याची ताकद पूर्वीच्या ६४ टक्के उरते. तेव्हा पट्टा कितीही आवळला तरी उपयोग नाही.

घसरण मोजताही येते. समजा मोटारीच्या पाटीवर मिनिटाला १४४० फेरे लिहिले आहेत, तिची पुली ३ इंच आणि मोठे चाक ४० इंच व्यासाचे आहे. १४४० ला ३ ने गुणून ४० ने भागले की १०८ येतात. यंत्र बंद असताना चाकावर खडूची ठळक खूण करावी, मग चालू करून लांब उभे राहून घड्याळ लावून फेरे मोजावेत. वैरण लावल्यावर दोन-चार फेरे कमी भरले तर चिंता नको. ९५ च भरले तर बाराव्या हिश्शाहून अधिक काम पट्टा तापवण्यात जात आहे.

माझ्या मते पहिला संशय पट्ट्यावर न घेता पात्यांवर घ्यावा. बोथट पाते कडबा कापत नाही, चेंगरते, आणि त्याचे सगळे ओझे पट्ट्यावर येते. पाती काढून धार लावावी. पाते आणि समोरची पट्टी यांत जाडसर कागद जाईल एवढेच अंतर ठेवावे. वाळका कडबा आणि ओला मका यांना एकाच मापाने पेंढी लावू नये. एवढे केल्यावर पुष्कळदा पट्ट्याला हातही लावावा लागत नाही.

त्यानंतर ताण. पट्टा दोन चाकांमध्ये जेवढा मोकळा आहे ती लांबी मोजावी. मधोमध स्प्रिंगकाटा अडकवून ओढावे. दर मीटर लांबीला १६ मिलिमीटर वाकण्यास ‘ए’ जातीच्या पट्ट्याला एक ते दीड किलो आणि ‘बी’ जातीच्या पट्ट्याला दोन ते तीन किलो जोर लागावा. कमी जोरात वाकला तर पट्टा सैल आहे. जास्त लागला तर मोटारीचे बेअरिंग ओढले जाते, आणि बेअरिंग पट्ट्यापेक्षा महाग पडते. ओंडक्याखाली पाचर ठोकण्यापेक्षा मोटारीखाली लांबट भोकांची लोखंडी पट्टी बसवून घ्यावी, म्हणजे मोटार नेमकी सरकवता येते. नवा पट्टा पहिल्या दिवशी थोडा ताणतोच. अर्ध्या तासाने आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावा.

पट्टा एका कडेला झिजत असेल किंवा उतरत असेल तर दोन्ही चाके एका ओळीत नाहीत. दोरी ताणून धरावी. ती दोन्ही चाकांच्या दोन-दोन कडांना, अशी चार जागी टेकली पाहिजे.

पुलीची खाच मात्र नीट पाहावी. खाचेचा पट्टा तळाशी टेकून ओढत नाही, दोन्ही बाजूंनी रुतून ओढतो. खाचेचा तळ चकचकीत दिसला, तर बाजू झिजून पट्टा खाली बसला आहे, असे समजावे. अशा पुलीवर नवा पट्टाही घसरेल. पट्टा घेताना त्याची जातही पाहावी. ‘ए’ पट्टा १३ मिलिमीटर रुंद असतो, त्याला किमान ३ इंची पुली चालते. ‘बी’ १७ मिलिमीटर रुंद, त्याला किमान ५ इंची पुली हवी. जाड पट्टा मजबूत म्हणून ३ इंची पुलीवर ‘बी’ चढवला, तर तो वाकून वाकून आतून तडकतो.

हाताच्या यंत्राच्या चाकाची धाव सपाट असते, तिला खाच नसते. तिथे पकड कमी मिळते, म्हणून पट्टा धावेवर जितका जास्त टेकेल तितके बरे. मोटार दूर नेली की पट्टा लहान पुलीवर जास्त आणि धावेवर कमी टेकतो. अंतर साधारण चाकाच्या व्यासाएवढे ठेवावे. धावेवरचा गंज, रंग आणि वंगण खरवडून काढावे. पट्ट्याला तेल लागले असेल तर साबणाच्या पाण्याने पुसून वाळवावा. रॉकेल किंवा पेट्रोल लावू नये, त्याने रबर फुगते.

मळणी यंत्रावर दोन-तीन पट्टे शेजारी शेजारी असतील, तर एक खराब झाला तरी सगळे एकदम बदलावेत. नवा आणि जुना सोबत लावला की आखूड असलेला नवाच सगळे ओझे ओढतो.

राहिली राळ. ती टाकतात चालत्या पट्ट्यावर, मुठीने, तेही मळणीच्या घाईत, बाहीचा सदरा किंवा पदर मोकळा असताना. कुट्टी यंत्रात तर त्याच चाकावर पाती फिरत असतात. मळणी यंत्रांच्या सुरक्षिततेसाठी १९८३ साली धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा झाला. पण गोठ्यात जोडलेल्या मोटारीला जाळी कोणता कारखाना बसवून देणार? ती आपणच वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यावी. पट्टा आणि चाक पूर्ण झाकले जाईल अशी, नटबोल्टने निघणारी जाळी असावी. वैरण लावणाऱ्याचा हात पोहोचेल अशा जागी मोटारीचे बटण असावे. भिंतीपलीकडच्या पेटीत नको. पट्ट्याला हात लावण्यापूर्वी बटण बंद करून पेटीतला फ्यूज काढावा आणि काम संपेपर्यंत तो स्वतःच्या खिशात ठेवावा, कारण वीज गेली आहे असे समजून काम करताना ती केव्हाही येते.