शिल्प हवे, अरण्य नको?



१९८७ साली कॅनडातील शिल्पकार बिल रीड यांनी हातातील काम थांबविले. वॉशिंग्टन येथील कॅनडाच्या वकिलातीसाठी ते एक भव्य नौका घडवीत होते. ती हैडा या आदिवासी समाजाच्या पुराणकथांतील पात्रांनी भरलेली होती. त्याच वेळी हैडांच्या बेटांवरील प्राचीन अरण्य तोडले जात होते. ज्यांची भूमी उजाड होत आहे, त्यांच्याच प्रतिमा परराष्ट्राच्या राजधानीत मिरवावयाच्या, हा विरोधाभास त्यांना सोसवेना.

रीड या परंपरेत वाढलेले नव्हते. त्यांचा जन्म १९२० चा. आई हैडा, वडील गोरे. आदिवासी स्त्रीने गोऱ्याशी विवाह केला की तिचा कायदेशीर आदिवासी दर्जा संपत असे; हा नियम १९८५ पर्यंत टिकला. मातृकुळाचा उलगडा रीड यांना किशोरवयात झाला. १९४३ साली ते स्किडगेट गावी आजोबांना, चांदीवर नक्षी कोरणाऱ्या चार्ल्स ग्लॅडस्टोन यांना, भेटले. पुढे नभोवाणीवर निवेदकाची नोकरी करीत टोरांटोत ते दागिने घडविण्यास शिकले आणि संग्रहालयांतील जुन्या वस्तू न्याहाळून पूर्वजांच्या आकृत्यांचे व्याकरण आत्मसात करू लागले.

स्वतःच्या वारशासाठी संग्रहालय का गाठावे लागले? १८६२ पासूनच्या देवीच्या साथीने गावेच्या गावे ओस पडली. विसाव्या शतकाच्या आरंभी जेमतेम सहाशे हैडा उरले. त्यातच १८८५ ते १९५१ या काळात ‘पॉटलॅच’ समारंभावर कायद्याने बंदी होती. या समारंभात कुळप्रमुख संपत्ती वाटून प्रतिष्ठा मिळवीत. जो अधिक देतो तो मोठा, हे अर्थशास्त्र संचयाला पूजणाऱ्या राज्यकर्त्यांना रुचणारे नव्हते. कोरीव खांबही अशाच समारंभात उभे राहत. समारंभ गेला, तेव्हा कारागिराचा आधारही गेला.

म्हणून रीड यांचे पुनरागमन ही केवळ भावनेची गोष्ट नव्हती. १९७८ साली त्यांनी कोरलेला खांब स्किडगेटमध्ये उभा राहिला. पण खांबाला सीडरचा वृक्ष लागतो आणि वृक्षाला अरण्य. १९८५ साली लायल बेटावर हैडांनी वृक्षतोडीचा रस्ता अडविला. वृद्धांसह ७२ जणांना अटक झाली. लढा त्या समाजाचा होता. कलावंताने त्याला आपले थांबलेले हात दिले, एवढेच. आणि तेवढे पुरेसे होते.

१९८८ साली दक्षिणेकडील बेटांच्या संरक्षणाचा करार झाला. कांस्यनौका १९९१ मध्ये वॉशिंग्टनला पोहोचली. कंपवाताने ग्रासलेल्या रीड यांच्या या निर्मितीत अनेक सहकाऱ्यांचे श्रम होते, हेही विसरता कामा नये. १९९८ साली रीड निवर्तले. २००४ मध्ये हीच नौका कॅनडाच्या वीस डॉलरच्या नोटेवर छापली गेली. मात्र या भूमीवरील हैडांचा हक्क ब्रिटिश कोलंबियाच्या शासनाने मान्य केला तो २०२४ साली.

प्रतिमा नोटेवर आली आणि हक्क वीस वर्षांनी आला, या क्रमातच सत्तेचा स्वभाव दिसतो. आदिवासींची कला भिंतीवर टांगण्यास सत्ताधारी सदैव उत्सुक असतात. त्या कलेला जन्म देणारी जमीन परत करण्याचा प्रश्न निघाला की ते मौन धरतात. वारशाशी नाते जोडणे म्हणजे त्या मौनाला प्रश्न विचारणे होय. रीड यांनी तो छिन्नी खाली ठेवून विचारला.