लोखंडी जहाजातली माणसं

इअरफोन लावलेत? चला, आज जाऊया अमेरिकेत, १८६२ सालात.

यादवी युद्ध पेटलंय. उत्तरेच्या नौदलानं दक्षिणेची बंदरं अडवून धरलीत. कापूस बाहेर जाऊ द्यायचा नाही, शस्त्रं आत येऊ द्यायची नाहीत. (हाच कापूस अडला म्हणून आपल्या मुंबईत कापसाचे भाव भडकले. ती गोष्ट पुढे कधीतरी.)

कोंडी फोडायची कशी? दक्षिणेनं नॉरफॉकला एक जळकं जहाज पाण्यातून वर काढलं. मेरिमॅक. तिथून माघार घेताना उत्तरेनंच ते पेटवून बुडवलं होतं. त्यावर चार इंच जाड लोखंडाच्या उतरत्या भिंती चढवल्या. नवं नाव, व्हर्जिनिया.

८ मार्चला ही व्हर्जिनिया बाहेर पडली. समोर उत्तरेची लाकडी जहाजं. त्यांचे गोळे तिच्यावर आपटून नुसते उडत होते. तिनं धडक देऊन कंबरलंड बुडवलं, मग काँग्रेस पेटवलं. दोनशेहून जास्त माणसं गेली. आणि ऐका, व्हर्जिनियाचा कप्तान होता फ्रँकलिन बुकॅनन. त्याचा सख्खा भाऊ त्याच काँग्रेसवर अधिकारी होता! भाऊ वाचला. पण यादवी म्हणजे काय, ते मला इथे कळलं.

त्याच रात्री उत्तरेचं मॉनिटर येऊन पोचलं. जॉन एरिक्सननं आखलेलं अजब जहाज. सपाट डेक, मधोमध वाफेवर फिरणारा लोखंडी बुरूज, त्यात दोन तोफा. दुसऱ्या दिवशी दोघं जवळजवळ चार तास अगदी जवळून लढले. दोन्हींवर एकही माणूस मेला नाही. लाकडी युद्धनौकांचे दिवस संपले, हे जगाला कळलं.

मला वाटायचं, गोष्ट इथेच संपते. नाही संपत. मॉनिटरचा डेक पाण्याच्या जेमतेम दीड फूट वर. ३१ डिसेंबरच्या पहाटे केप हॅटरसजवळ वादळात पाणी आत शिरलं, बॉयलरची आग विझत गेली, पंप थंडावले. जहाज बुडालं. १६ जण गेले. तोफांनी जे केलं नाही, ते लाटांनी केलं.

२००२ मध्ये तो बुरूज समुद्रातून वर काढला. आत दोन सांगाडे होते. ८ मार्च २०१३ ला त्यांना आर्लिंग्टनमध्ये लष्करी मानानं पुरलं. तोवरही त्यांची नावं कळली नव्हती.

जहाजाचं नाव सगळ्यांना पाठ आहे. त्या दोघांचं नाही. म्हणून आजचा भाग त्यांच्यासाठी. भेटू पुढच्या भागात!