नवागत वनस्पतींची ओळख



आम्ही कला शाखेचे पदवीधर. आयुष्य सरकारी कचेरीत गेलेले. वनस्पतींविषयी बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच, की कोलकात्यास बदली झाल्यापासून हुगळीपलीकडच्या शिबपूरच्या वनस्पती उद्यानात रविवारी फिरण्याचा छंद आम्हांस जडला. आजचा विषयही अखेर त्याच उद्यानाशी येऊन थांबतो.

गाजरगवत आपण सर्वांनी पाहिले आहे. ते गाजर नव्हे आणि गवतही नव्हे. ते सूर्यफुलाच्या कुळातले. पान तेवढे गाजरासारखे कातरलेले. कोवळेपणी रोप जमिनीलगत चक्राकार पसरते, तेव्हा दवण्याच्या जातभाईंशी त्याची गल्लत होऊ शकते. फुलावर आले की शंका उरत नाही. ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा गेंद आणि त्याच्या कडेला बहुधा पाचच इवल्या पाकळ्या. त्यांतील प्रत्येक पाकळी म्हणजे स्वतंत्र फूल!

ही झाली ओळख. परंतु वनस्पती परदेशातून आली, हे कशावरून ठरवावे? नावावर तर मुळीच विसंबू नये. सीताफळाइतके सोवळे नाव दुसरे कोणते? तरीही ते झाड अमेरिकेतले. जाणकार पाहतात ते निराळेच: तिचे सगेसोयरे कोणत्या खंडात आहेत, जुन्या वनस्पतिग्रंथांत तिची नोंद आहे काय, आणि ती प्रथम कोठे दिसली. बंदर, लोहमार्ग, धान्याची कोठारे, उकिरडे ही नवागतांची ठरलेली उतरण्याची ठिकाणे.

पुण्यात 1955 च्या सुमारास उकिरड्यांवर हे झुडूप दिसले. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी 1956 साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतातील नवी नोंद म्हणून ते प्रसिद्ध केले. पुढे ‘पी. एल. 480’ च्या गव्हाबरोबर ते आले, असे लोकांनी ठरवून टाकले, आणि ‘काँग्रेस गवत’ हे नावही रूढ झाले. आम्हांस ही कथा तिथीला जुळत नाही असे वाटते. त्या कायद्याखालील भारताशी पहिला करार 1956 च्या ऑगस्टमधला, झुडूप त्याआधीचे. अमेरिकेचा गहू मात्र 1951 च्या कर्जातूनही आला होता, तेव्हा गव्हाला सर्वस्वी निर्दोष ठरविण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

गंमत पुढेच आहे. 2010 साली एका शोधलेखाने दाखवून दिले, की शिबपूरच्या उद्यानातील वनस्पतींची जी यादी रॉक्सबर्ग यांच्या नावे 1814 साली छापली गेली, तीत हे नाव आहे! मग राव यांची नोंद फुकट गेली काय? आमच्या मते नाही. उद्यानाच्या वाफ्यात लावलेले असणे वेगळे. रानात आपल्या बळावर बी धरून पसरणे वेगळे. नवागत म्हणून जी चिंता, ती दुसऱ्याची.

आणि चिंता खरी आहे. एकेक झाड हजारो बिया टाकते. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. आणि निंदणाऱ्या बाईच्या हातांना, मानेला असा इसब होतो, की ती पुन्हा शेतात पाऊल टाकायला धजत नाही. मेक्सिकोहून आणलेले, त्याची पाने खाणारे भुंगेरे 1984 पासून बंगळूरला सोडण्यात आले. काही ठिकाणी त्यांनी चांगले काम केले, पण झुडूप हटले नाही. चार उकिरड्यांपुरते असताना ते उपटणे सोपे होते. ओळख वेळेवर पटण्याचे मोल ते हेच.

म्हणून आपल्या मुलांनी सुटीत अनोळखी रोप पाहिले, तर फुलाफळांसह एक फांदी वर्तमानपत्रात दाबून ठेवावी, कागद रोज बदलावा, आणि ठिकाण, दिनांक, उंची व फुलाचा रंग त्याच दिवशी लिहावा. वाळल्यावर रंग उडतो. शिबपूरच्या संग्रहात असे सुमारे 20 लक्ष नमुने आहेत. ज्यावर गाव व तारीख नाही, तो नमुना तेथे बिनकामाचा ठरतो. गाजरगवत मात्र उघड्या हाताने खुडू नये.