शिळा नमुना, खोटी खबर

फौजेत शिकलो : चुकीच्या खबरेपेक्षा खबर नसलेली बरी. निवृत्तीनंतर जबलपुरात नर्मदेच्या घाटाजवळ, नाल्याच्या तोंडाशी पाण्याचा पहिला नमुना घेतला आणि दिवसभर गाडीच्या डिकीत ठेवला. बीओडी, म्हणजे घाण पचवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, कमी निघाला. सगळे खूश! पण उन्हात, वाटेतच जिवाणूंनी बरीच घाण फस्त केली होती.

आता बाटली काठोकाठ भरतो, बुडबुडा राहू देत नाही. बर्फात, अंधारात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवतो. तिथे २७ अंशांवर ३ दिवस चाचणी चालते. कीटकनाशकांसाठी मात्र गडद काचेचीच बाटली. प्लास्टिक ती शोषून घेतं.

आंघोळीच्या पाण्याची मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम बीओडी. त्या आकड्याच्या भरवशावर कुणीतरी लेकराला पाण्यात उतरवतं. जय हिंद.