लेकराच्या बोबड्या बोलण्याची चेष्टा नको, खेळ घ्या

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतील भाषण)



दोन वर्षांचं लेकरू 'काका'ला 'ताता' म्हणतं, तेव्हा गोड वाटतं. पण तेच साडेचार वर्षांचं झालं आणि अजून 'गार पाणी'ला 'दार पाणी' म्हणतंय, तर दाखवायला हवं. 'र' उशिरा येतो, त्याची घाई नको. मात्र चार वर्षांच्या मुलाचं बरंचसं बोलणं परक्यालाही कळलं पाहिजे.

आपल्याकडे कोणी म्हणतं जीभ जड आहे, कोणी वेखंड चाटवतं, कोणी 'बोबड्या' म्हणून हाक मारतं. मग मूल बोलायचंच टाळतं. शाळेत जसं बोलतं तसंच लिहितं आणि 'ढ' ठरतं. तायांनो, बऱ्याचदा अशा मुलाची बुद्धी चांगली असते, जीभही ठीक असते. 'ग' आणि 'द' हे वेगळे आवाज आहेत, आवाज बदलला की अर्थ बदलतो, हे त्याच्या मनात पक्कं झालेलं नसतं. म्हणून "नीट बोल" असं दरडावून उपयोग होत नाही.

आधी कान तपासून घ्या. कमी ऐकू येत असेल तर आवाज ओळखणार कसे? मग रोज दहा मिनिटं खेळ घ्या:

• भाजी निवडताना 'क'च्या वस्तू शोधा: कांदा, काकडी, कढई.
• शब्दाला टाळ्या वाजवा: कां-दा दोन, ब-टा-टा तीन.
• तुम्ही 'दार' म्हटलं की त्यानं दाराला हात लावायचा, 'गार' म्हटलं की पाण्याच्या तांब्याला. नंतर त्यानं बोलायचं, तुम्ही हात लावायचा. फरक त्याचा त्यालाच कळतो.

मूल चुकलं तर हसू नका. "हो, गार पाणी देते" असं आपण नीट म्हणायचं, बस्स.

खेळानं मदत होते, पण तपासणी टाळू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. तपासणी मोफत असते. अंगणवाडीताईंना तारीख विचारा, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. गरज असेल तर पथक पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं.

अकोले, जामखेडहून नगरला जायचं म्हणजे दिवसाचा रोज बुडतो, हे मला माहीत आहे. म्हणूनच हा विषय एकट्या आईवर सोडू नका. पुढच्या बैठकीत कर्जफेडीनंतर एक प्रश्न विचारा: आपल्या गटात कोणाच्या लेकराचं बोलणं कळत नाही? दोघी-तिघी निघाल्या तर सोबत जाता येईल, भाड्याची सोयही गटातून करता येईल.