पहिली रेस आणि स्कीखालचे गोळे

बऱ्याच जणांनी विचारलं होतं, ऑस्लोत राहतोस तर क्रॉस-कंट्री स्कीइंग शिकलास का? शिकलो. डिसेंबरमध्ये सीझनची पहिली रेसही केली. 10 किलोमीटर, क्लासिक.

उन्हाळ्यात बर्फ नसतो, म्हणून डांबरी रस्त्यावर चाकांच्या रोलर स्की. बहुतेकांच्या ब्रेकच नसतो, कोपरं सोलून निघतात. आणि बरंचसं ट्रेनिंग इतकं हळू, की शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. मला ते पटायचंच नाही. मी रोज जोर लावायचो. नोव्हेंबर येईपर्यंत पायांत जीव उरला नव्हता.

त्यात रेसच्या दिवशी तापमान शून्याच्या आसपास. वॅक्सवाल्यांचं डोकं फिरवणारं हवामान. क्लासिकमध्ये स्कीच्या मधल्या भागाला चिकट वॅक्स लावतात, पाय दाबला की बर्फ पकडायला. आदल्या रात्री ट्रॅक टणक होता, म्हणून मी क्लिस्टर लावलं. मधासारखं चिकट असतं ते. सकाळी ताजा बर्फ पडला! दुसऱ्या किलोमीटरला स्कीखाली हे एवढे गोळे. घसरणं बंद, नुसतं चालणं. सत्तरीचे एक आजोबा "हेया!" म्हणत पुढे निघून गेले. हेया म्हणजे आपलं "चल, चल!" खरं सांगतो, तिथेच स्की काढून घरी जावंसं वाटलं.

पण मार्चमध्ये बिर्केबाइनर आहे. रेना ते लिलेहॅमर, 54 किलोमीटर, पाठीवर साडेतीन किलोची बॅग. पैसे भरलेत. म्हणून आता घड्याळात हार्ट रेटचा अलार्म लावलाय. काल सोग्न्सव्हानला तो सहा वेळा वाजला.